ठमी चालेपर्यंत

सरावली, पो. बोईसर, जि. ठाणे
२८ सप्टेंबर १९६६

ती. मंजुळावन्संना,
सुगंधाचा शि. सा. न. वि. वि. नमस्कार एका हाताचाच आहे, दुसऱ्या हातानं ठमीला धरलंय.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर नाही म्हणून रुसला असाल. रुसा. सध्या सगळेच माझ्यावर रुसलेत, त्यात तुमची भर. तुमच्या भावानं काय कळवलंय ते मला ठाऊक नाही. त्यांचं पत्र म्हणजे तार, चार शब्द आणि सही. तेव्हा मीच लिहिते.

आषाढात ठमीला ताप आला. आम्हाला वाटलं, इथली हवा दमट, समुद्र जवळ, लेकराला येतो ताप. यांना नव्या वीज प्लँटच्या बांधकामावर जादा पाळी होती, मी मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत बसले. ताप उतरला आणि सकाळी पोर उठायला गेली, तर डावा पाय तिच्याबरोबर आलाच नाही. पालघरच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि पोलिओ म्हणाले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

घरी आले आणि देव पाण्यात घातले. इकडे यायला निघताना तुमच्या आईंनी, आत्याबाईंनी, दिलेले देवांचे तिन्ही टाक, खंडोबा, म्हाळसा आणि भवानी, वरणाच्या पितळी पातेल्यात ठेवले, वरून पाणी ओतलं आणि बजावलं, की माझी ठमी स्वतःच्या पायांनी चालेपर्यंत तुम्ही यातून वर यायचं नाही. चांगलं मोठ्यानं बजावलं. शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं.

तेव्हापासून देव तिथंच आहेत. पूजा नाही, फूल नाही, दिवा नाही. पाणी तेवढं बदलते, नाहीतर डास होतात. वरण आता ॲल्युमिनियमच्या डब्यात शिजवते. तुम्ही विचाराल, राग आला का गं देवाचा? आला. अजून आहे. मी कुणाचं वाईट केलं होतं? आणि केलं असेल तर माझा पाय घ्यायचा. तीन वर्षांच्या पोरीशी कसलं आलंय वैर?

इथं बायडी म्हणून एक वारली बाई आहे. डोंगराकडच्या पाड्यावरची, बांधकामावर पाट्या टाकते, आमच्या मागच्या खोपटात राहते. रोज संध्याकाळी येऊन पातेल्यात डोकावते. म्हणते, तुमचा देव काय मासा हाय का, पाण्यात ठेवाया? बोलला का नाय अजून काय? मी सांगते, नाही बोलला. ती मान हलवून ठमीला करवंदाचं लोणचं चाटवते आणि जाते.

आत्याबाईंना यातलं काही सांगू नका. पाय अधू झालाय एवढं कळलंच असेल, देवांचं सांगू नका. तुमचा लोभ पूर्वीइतकाच राहू द्या, माझ्या अंगी आत्ता लोभ करण्याजोगं काही नसलं तरी.

आपली,
सुगंधा


रहिमतपूर, जि. सातारा
९ ऑक्टोबर १९६६

चि. सौ. सुगंधा हिस,
मंजुळाचे अ. उ. आ., आणि ठमीच्या दोन्ही पायांना, दोन्ही बरं का, माझा एकेक पापा.

पत्र वाचलं, पदर डोळ्याला लावला, मग पुन्हा वाचलं. एवढं घडून गेलं आणि तू एकटी सोसत बसलीस! आम्ही काय मेलो होतो? मी निघाले असते गं, पण गिरणीचा पट्टा तुटलाय, आमच्या मालकांचा हात दुखतोय, दळणाच्या डब्यांची रांग लागलीय. सबबी आहेत, ठाऊक आहे मला.

रागावू नकोस, पण तुझं पत्र वाचल्यापासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळतोय. देव पाण्यात घालतात, मागणं पुरं झालं की वाजतगाजत बाहेर काढतात, पंचामृतानं न्हाऊ घालतात, हे आपण लहानपणापासून बघतो. पण मागणं पुरं झालंच नाही तर? तर काय करतात? कुणी सांगितलेलंच नाही! इतक्या पिढ्या लोक देव पाण्यात घालताहेत, सगळ्यांचीच मागणी काय पुरी झाली असेल का? मग त्यांच्या देवांचं पुढं काय झालं?

नाव न घेता मी विचारत सुटले. गुरवमामांनी आधी डोकं खाजवलं, मग म्हणाले, असं कुणी विचारायला येत नाही, लोक गुपचूप काढून ठेवत असतील. मी म्हटलं, म्हणजे देव हरला की माणूस? तर म्हणाले, मंजुळा, दळण टाकायला कधी येऊ ते सांग. म्हातारी साखरबाई आहे ना, वेशीजवळची, तिला खोदून विचारलं. तिच्या जावेनं म्हणे परागंदा झालेल्या मुलासाठी देव पाण्यात घातले होते. मुलगा आला नाही. देव कुणी बाहेर काढले नाहीत, पाणीच आटलं. मी विचारलं, मग जाऊ काय म्हणाली? तर काही नाही, म्हणाली उन्हाळा फार होता.

मी गिरणीत एकटीच हसले आणि मग हसल्याची लाज वाटली. तुझा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या पोटी मूल नाही. मलाही कधी वाटलं होतं देवाला घरातून बाहेर काढावं. पण मी भित्री. तू निदान तोंडावर बोललीस त्याला.

एक विचारते. स्वतःच्या पायांनी, असं का गं बोललीस? नुसतं चालेपर्यंत म्हटलं असतंस तर देवाला जरा जागा राहिली असती.

नवरात्र तोंडावर आलंय. घट बसवशील ना? आईला काही बोलले नाही. पण आई ती आई, माझ्या तोंडाकडे बघत असते. पत्राला उशीर करशील तर मीच येऊन तुझा कान धरीन.

तुझी,
मंजुळा


सरावली
३० ऑक्टोबर १९६६

ती. मंजुळावन्संना शि. सा. न. वि. वि.

घट बसवले नाहीत. पाण्यातले देव पानावर कसे बसवायचे? दसऱ्याला दारावर तोरण यांनी बांधलं, मी नुसती बघत बसले.

तुमचा किडा आता माझ्याही डोक्यात शिरलाय. तुमची साखरबाई आणि तिची जाऊ मला आवडली. पण माझ्या पातेल्यातलं पाणी आटायचं नाही, मी आटू देणार नाही.

दिवाळीच्या आधी दाखवून येऊ म्हणून हे मला आणि ठमीला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर म्हातारे, हळू बोलणारे. त्यांनी पाय उलटासुलटा करून बघितला, ठमीला गुदगुल्या केल्या आणि मग आम्हाला सांगितलं, की या पायात आता जोर येणं नाही. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे असलेला बूट करून घ्या, त्यात पाय अडकवला की पोर उभी राहील, शिकली की चालेलही. पण लवकर करा. उशीर केलात तर पाय गुडघ्यात आखडेल आणि मग बूट घालूनही उपयोग नाही. माप आजच घेऊ का, म्हणून विचारलं.

मी नको म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. परतीच्या गाडीत ठमीला त्यांनीच मांडीवर घेतलं. विरार गेल्यावर एवढंच म्हणाले, की तुझं आणि देवाचं काय असेल ते असो, पोरीचा पाय त्यात कशाला?

वन्सं, त्यांना कळत नाही. तुम्हाला कळेल म्हणून लिहिते. बूट घ्यायचा म्हणजे देवाला जा म्हणायचं. तू नाही म्हणालास, मी ऐकून घेतलं, असं होतं ते. मी शब्द टाकलाय, स्वतःच्या पायांनी. का बोलले असं विचारता? कारण मला तेच हवं होतं! अर्धं मागायला मी काय भीक मागत होते? आणि लोखंड पायात चढलं की देवाला सुटल्यासारखं होईल. तो म्हणेल, चालली की, काढा मला. मी त्याला इतक्या स्वस्तात सोडणार नाही.

बायडीला सांगितलं. तिनं नेहमीसारखं पातेल्यात डोकावलं. मग म्हणाली, तू देवाला धरून ठेवलास का देवानं तुला, ते नाय कळत बाय. तिला काय कळतंय, असं म्हणून मी भाकरी थापायला बसले. पण भाकरी नीट थापली गेली नाही.

ठमी बूड घासत घरभर फिरते. फरशी नाही, शेणाची जमीन, सगळे फ्रॉक हिरवट झालेत. काल दारात बसून शेजारच्या पोरांचा लंगडीचा डाव बघत होती. मी तिला आत उचलून आणलं तर रडली. मग मीही.

आपल्या लोभाची शिल्लक असेल त्यातला थोडा ठमीच्या वाट्याला काढून ठेवा.
सुगंधा


रहिमतपूर
८ नोव्हेंबर १९६६

चि. सौ. सुगंधाला मंजुळाचे आशीर्वाद, आज जरा कडू आहेत.

आधी माझी चौकशी सांगते, कारण विचारल्याशिवाय मला राहवत नाही. लोखंडी बूट घालून चालणं हे देवाच्या लेखी चालणं धरायचं का? गुरवमामा म्हणाले, शब्द उच्चारला तसा पाळावा लागतो, स्वतःच्या म्हणजे स्वतःच्याच. शाळेतले मास्तर दळण घेऊन आले होते, ते म्हणाले, बूट तिच्या मालकीचा म्हणजे पाय तिचाच. साखरबाईनं काठी आपटली आणि म्हणाली, मी ही घेऊन हिंडते म्हणजे काय मी चालत नाही? देवळापर्यंत काय मला मढ्यासारखी उचलून नेता? अख्खी गिरणी हसली. बघ, माझं मत साखरबाईच्या बाजूनं आहे.

आता कडू. बायो, राग धर. देवाचा धर, नशिबाचा धर, माझा धर. रागावर माझं काही म्हणणं नाही. पण पाय आखडायला लागला तर तो देवाचा आखडणार आहे का? पातेल्यात देव आहेत असं तुला वाटतंय. मला इथून दिसतंय ते असं, की तू पोरीलाच पाण्यात ठेवलंयस आणि वाट बघतेयस देव कधी घाबरतोय त्याची. तो काय घाबरणार? त्याला कुठं शाळेत जायचंय?

लिहिलेलं वाचून खोडावंसं वाटतंय. पण खोडणार नाही.

आणखी एक. आईनं ओळखलं. मी नाही सांगितलं, शप्पथ. तिनं विचारलं, सुगंधानं घट बसवले का, आणि मी जरा जास्तच पटकन हो म्हटलं. झालं! ती चंपाषष्ठीला तुमच्याकडे येतेय. बाजरी, वांगी, भंडारा, सगळं बांधून ठेवलंय. तिथं बाजरी मिळत नसेल, रोडगा कशाचा करणार, असं म्हणते. माझ्याच्यानं तिला अडवणं झालं नाही.

माया तीच आहे, बोलणं तेवढं टोचरं.
मंजुळा


सरावली
१७ नोव्हेंबर १९६६

मंजुळावन्संना नमस्कार.

आत्याबाईंना येऊ द्या. पातेलं मी लपवणार नाही.

मुलाच्या पायाचं दुःख काय असतं ते ज्याच्या घरात असतं त्यालाच कळतं. गिरणीत बसून ते दळता येत नाही. यापुढं गावभर माझ्या देवांची चौकशी करू नका. आणि साखरबाईंना सांगा, काठी हातात येण्याआधी त्या सगळं आयुष्य बिनकाठीच्या हिंडल्या. माझ्या ठमीनं अजून धड अंगणही ओलांडलेलं नाही.

सुगंधा


रहिमतपूर
२६ नोव्हेंबर १९६६

चि. सुगंधास आशीर्वाद.

बरोबर आहे तुझं. मी काही परत घेत नाही, पण बरोबर आहे तुझं. दोन्ही एकदम कसं असतं ते मला विचारू नकोस. चौकशी बंद केली. काल गुरवमामा आपणहून सांगायला आले तर मी त्यांना दळण तयार नाही म्हणून वाटेला लावलं.

आई मार्गशीर्ष लागला की निघेल. बोईसरला गाडी फार थांबत नाही म्हणे, तर माझ्या भावाला, एकनाथला, म्हणावं डब्याच्या दाराशी उभा राहा. तिच्याशी भांडलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस. आणि मला लिही. नुसतं शिव्या घालायला लिहिलंस तरी पाकीट फोडताना मला बरंच वाटेल.

मंजुळा


सरावली
२१ डिसेंबर १९६६

ती. मंजुळावन्संना,
सुगंधाचे दोन्ही हातांनी शि. सा. न. वि. वि. ठमी आजीच्या मांडीवर आहे.

आधी मागच्या पत्राबद्दल. तुमच्या घरात नाही ते दुःख तुम्हाला कसं कळणार असं मी लिहिलं. तुमच्याविषयी ठाऊक असून लिहिलं. लिहून पेटीत टाकलं आणि घरी येऊन जेवले नाही. माफ करा.

आत्याबाई आल्या. मी मनात सगळी भांडणं तयार ठेवली होती. त्यांनी बोचकं खाली ठेवलं, ठमीला जवळ घेतलं, अधू पाय तेलानं चोळला. मग कोपऱ्यात जाऊन पातेल्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी म्हटलं, आता सुरू होईल. त्यांनी मला एवढंच विचारलं, की पाणी कुठल्या विहिरीचं आहे, खारं नाही ना. मी गोडं आहे म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वांगी निवडायला बसल्या. वन्सं, मला इतका संताप आला! भांडायला उभी राहिले आणि समोर कुणी नाहीच.

चंपाषष्ठी रविवारी आली. हे घरी होते, तळी उचलायला शेजारच्या खोल्यांतले आपल्याकडचे गडी येणार होते. पण तळी कुणापुढं उचलायची? यांनी आत्याबाईंना विचारलं, देव काढू का. आत्याबाई म्हणाल्या, ज्यानं घातलेत तोच काढील, मी नाही मध्ये पडत. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि घागर घेऊन विहिरीवर गेले.

परत आले तर आत्याबाई चुलीशी वांगं भाजत होत्या आणि कोपऱ्यात ठमी. बूड घासत पातेल्यापर्यंत गेली होती. तिन्ही टाक बाहेर. म्हाळसा आणि भवानी जमिनीवर, आणि खंडोबा तिच्या मांडीवर. फ्रॉकच्या टोकानं त्याला पुसत होती, आपण तिचं नाक पुसतो तसं, जरा रगडूनच.

मी ओरडले. घागर कुठं टेकवली ते आठवत नाही. हात उगारला होता मी, खोटं कशाला सांगू. आत्याबाईंनी सगळं पाहिलं होतं, बसल्या जागेवरून पाहिलं होतं आणि अडवलं नव्हतं. मी ठमीला म्हटलं, कुणी सांगितलं तुला देव काढायला? त्यांना शिक्षा केलीय मी! तुझा पाय बरा करत नाहीत तोवर यायचं नाही त्यांनी बाहेर!

ती घाबरली नाही. टाक माझ्यापुढं धरला आणि मला समजावायला लागली, की अगं आई, तो कसा येईल बाहेर? त्याला कुठं चालता येतंय? चालता येत नाही म्हणून तर घोड्यावर बसलाय. आणि तू घोड्यालाच बुडवलंस.

वन्सं, लग्न झाल्यापासून तो टाक मी घासतेय. माहेरी असताना तसलाच घासत होते. घोडा रोज बघितला आणि कधी मनात आलं नाही.

आत्याबाईंचं वांगं करपलं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की रडत ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसेल. हे दारात उभे होते, ते बाहेर निघून गेले आणि नळी फुंकल्यासारखा नाक शिंकरल्याचा आवाज आला. बायडी पाठीमागून डोकावत होती, तिनं विचारलं, बोलला काय शेवटी? मी म्हटलं, नाही. पण नाही म्हणताना पूर्वीसारखा जोर लागला नाही.

मग मी खाली बसले आणि खूप रडले. आषाढापासून रडतच होते, पण तेव्हा रागानं रडत होते. हे रडणं वेगळं होतं. माझ्या पोरीचा पाय यायचा नाही, ते पहिल्यांदा त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं. दवाखान्यात ऐकलं तेव्हा नाही, गाडीत नाही, त्या दिवशी, आपणहून. ठमी मला थोपटत होती आणि तिच्या दुसऱ्या हातात खंडोबा होता, त्यामुळे तो मला पाठीत टोचत होता.

करपलेल्या वांग्याचंच भरीत झालं. तळी उचलली, पोरांनी भंडारा उधळून माझं अंथरूण पिवळं केलं. मी उभी राहिले. नमस्कार केला नाही. आत्याबाईंनी ते पाहिलं आणि भरीत वाढायला घेतलं. पुढं कधीतरी होईल, न होईल. तुमच्यापाशी कबूल करते, राग गेलेला नाही, माझ्या वाट्याचा तो अजून शिल्लक आहे. पण आता खंडोबाकडे बघितलं की वाटतं, याच्यापाशी मी पाय मागत होते, आणि हा तर बिचारा स्वतःच कुणाच्या तरी पाठीवर.

यांनी दवाखान्यात पत्र टाकलंय. माप घ्यायला पुढच्या सोमवारी जायचं. ठमीनं सगळ्या खोल्यांत जाऊन, म्हणजे सरकत जाऊन, जाहीर केलंय की मुंबईला तिचा घोडा तयार होतोय. लोखंडाचा आहे, गवत खात नाही. खंडोबाला बरोबर न्यायचं म्हणून हटून बसलीय, कारण त्याला बसायची सवय आहे, तो शिकवील. आत्याबाईंनी त्याला जुन्या रुमालात बांधून दिलंय.

गाडी पहाटेची आहे. हे पिशवी घेतील. एका कडेवर ठमी, आणि रुमाल माझ्या पदराच्या गाठीत. अजून हात जोडलेले नाहीत मी त्याला. पण दोघांनाही उचलून मीच नेतेय.

तुमची, गिरणीतल्या सगळ्यांना सांगायला परवानगी देणारी,
सुगंधा